जावयाचा तंबू

आमच्या साडूंनी तंबू विकत घेतला, तिथून हे सगळं सुरू झालं. लोक आधी जागा बघतात आणि मग घर बांधतात. साडूंनी आधी घर घेतलं आणि मग त्याला शोभेलशी जागा देशात कुठे आहे याची चौकशी सुरू केली. ते पुण्यात, सॉफ्टवेअरमध्ये. त्यांच्या सोसायटीतलं जंगल म्हणजे पार्किंगच्या कडेचा एक बदाम. त्याचीही पानं गाड्यांवर पडतात म्हणून वार्षिक सभेत ठराव करून त्याला छाटतात. पण तंबू आला. त्याच्याबरोबर डोक्याला बांधायचे दिवे आले, घडीचं फावडं आलं, ठिणगी पाडायची कांडी आली, होकायंत्र जडवलेला मनगटी पट्टा आला, आणि चंदेरी वर्खाचं एक पांघरूण आलं. बर्फाच्या वादळात अडकलेल्या माणसाचा जीव म्हणे ते वाचवतं.

तंबू चार माणसांचा होता. कंपनीनं ज्या चार माणसांवरून माप घेतलं ती बहुधा इस्त्री करून आणली असावीत.

उद्घाटन साडूंच्या हॉलमध्ये झालं. तंबूच्या खुंट्या जमिनीत ठोकायच्या असतात आणि खाली गुळगुळीत टाइल, त्यामुळे चार कोपऱ्यांना तूरडाळ, तांदूळ, साखर आणि प्रोटीन पावडर असे चार डबे बांधले. तंबू दिमाखात उभा राहिला. फक्त घराचं दार त्याच्या मागे गेलं. संध्याकाळी स्वयंपाकाच्या मावशी आल्या. त्यांनी एका बाजूची चेन उघडली, आत शिरल्या, वाकून दुसऱ्या चेनमधून स्वयंपाकघरात निघाल्या आणि ‘ताई, डाळीचा डबा कुठंय?’ एवढंच विचारलं. मोठ्या माणसांच्या घरी काय काय चालतं याचा त्यांना अनुभव असावा. त्यांना डाळ दिली आणि तंबूचा एक कोपरा बसला.

आता प्रश्न जागेचा. कोणीतरी पवना धरण सुचवलं. साडूंनी ते ऐकूनही घेतलं नाही. ‘तिथे तंबूंची चाळ झालीय,’ ते म्हणाले, आणि हे खरं आहे. तिथे पलीकडच्या तंबूतला वाढदिवस आपल्या तंबूतही साजरा होतो, स्पीकर दोघांत एकच असला तरी. साडूंना हवं होतं ते ‘अनटच्ड’. हा शब्द त्यांनी इतक्यांदा उच्चारला की शेवटी आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, ‘मग माझ्या माहेरी चला.’

माहेर परतवाड्याचं. परतवाड्याच्या उत्तरेला मैदान एकदम संपतं आणि सातपुडा भिंत घालून उभा राहतो. तो चढून गेलं की मेळघाट: एकामागे एक पठारं, मध्ये दऱ्या, दऱ्यांतून सिपना, खापरा, गडगा अशा नद्या, आणि जिकडे नजर टाकावी तिकडे साग. 1973 साली देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हा पहिल्या नऊ जंगलांत मेळघाटचा नंबर लागला होता. पुण्यातल्या बैठकीत ही माहिती वाचून दाखवल्यावर एकमतानं ठराव पास झाला. आमच्या घरात एवढ्या लवकर एकमत फक्त तिथे होतं जिथे कोणाला काही माहीत नसतं.

तरी प्रत्येकाचं मेळघाट वेगळं होतं. साडूंच्या मेळघाटात हॉटेल नव्हतं, रस्ता नव्हता, कांडीनं पेटवलेला जाळ होता आणि ते एकटे होते. बायको-मुलगी बरोबर असल्या तरी ते मनानं एकटेच होते. मेहुणीच्या मेळघाटात ढग नव्हते; तिला आकाशगंगेचा फोटो काढायचा होता आणि त्यासाठी तिनं तिपाई घेतली होती. त्यांच्या लेकीच्या मेळघाटात एकच वाघ होता, पण तो हात हलवला की थांबायचा. आमच्या चिरंजिवांनी फक्त एवढं विचारलं, की तंबूत चार्जिंग पॉइंट असतो का. बायकोच्या मेळघाटात जंगल नव्हतंच. परतवाड्याचं घर, आई, आणि दुपारी अंगणात संत्र्यांचा ढीग, की झाला तिचा मेळघाट. तंबू हे तिथवर पोचायचं तिकीट. मला स्वतःला जंगल फार आवडतं. फक्त रात्री ते त्याच्या जागी असावं आणि मी माझ्या.

मग साडूंनी एक्सेल उघडलं. त्यात ‘वस्तू’, ‘जबाबदारी’, ‘धोका’ आणि ‘धोका आल्यास’ असे रकाने होते. माझ्या नावापुढे ‘दोरी, मीठ, नैतिक बळ’ लिहिलं होतं. वाघापुढे ‘धोका आल्यास’ या रकान्यात ‘डोळ्यात डोळे घालून मागे सरकणे’ अशी नोंद होती. ‘हे वाघाने की आपण?’ असं आमच्या मुलानं विचारलं, तेव्हा रकाना दुरुस्त करण्यात आला.

ऋतूवर दोन संध्याकाळी गेल्या. उन्हाळ्यात बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्याशेजारच्या मचाणावर बसून प्राणी बघायची सोय वनखातं करतं. पण त्या दिवसांत खाली वऱ्हाडात इतकं तापतं की मचाणापर्यंत पोचणारा माणूस हाच बघण्यासारखा प्राणी होतो. मार्च-एप्रिलात मोह फुलतो आणि मोहाखाली अस्वलं येतात. पावसाळ्यात चिखलदरा धुक्यात बुडतो, धबधबे सुटतात, सगळं देखणं असतं, पण ते काचेच्या आतून. शिवाय त्या दिवसांत व्याघ्र प्रकल्पाच्या आतल्या भागातलं पर्यटन बंद. उरला हिवाळा. डिसेंबर ठरला. चिखलदऱ्याची उंची 1,118 मीटर आहे, हे तेव्हा एक्सेलमध्ये ‘उंची’ या सदरात लिहिलं गेलं, ‘धोका’ या सदरात नाही.

हे सगळं ठरल्यावर परतवाड्याला व्हिडिओ कॉल केला. पडद्यावर सासरेबुवांचं कपाळ आणि वरचा पंखा दिसला. मामा एसटीत ड्रायव्हर होते, आणि नोकरीतला मोठा काळ परतवाडा–धारणी लाइनवर. म्हणजे आम्ही ज्या जंगलाची एक्सेल करत होतो त्यातून ते रोज गाडी घेऊन जात आणि परत येत, वेळेत.

‘मामा, तुम्हाला वाघ दिसलाय का कधी?’ साडूंनी विचारलं.

‘दिसते ना,’ कपाळ म्हणालं. ‘घटांगच्या पुढं रस्त्यात बसे. हॉर्न देल्ला की उठे.’

‘मग तुम्ही काय करायचा?’

‘काय करतो? टाइम होत होता ना गाडीचा.’

साडूंचा चेहरा पडला. मामांनी फोन मेहुण्याकडे दिला. मेहुणा अचलपूरला शाळेत इतिहास शिकवतो, त्यामुळे कोणतीही गोष्ट तो मुद्देसूद मोडून काढतो.

‘भाऊजी, तंबू कुठी लावता म्हन्ता?’

साडूंनी नकाशावर ठिपका दाखवला. नदीकाठ, दाट झाडी, आजूबाजूला एकही गाव नाही.

‘तो गाभा आहे. तिथं तंबू नाई लावता येत. रात्री राह्याचं तं सेमाडोहले नाई तं कोलकासले, वनखात्याच्या खोलीत, आधी बुकिंग करून. जाळ करता येत नाई. गानं वाजवता येत नाई. दारू नाई. गाडीतून उतरता येत नाई.’

‘मग करता काय येतं?’

‘चूप बसता येते,’ मेहुणा म्हणाला.

वन्यजीव संरक्षणाचा कायदा 1972 चा आहे आणि त्यात हौशी माणसाची सोय पाहिलेली नाही, ती प्राण्यांची पाहिली आहे. व्याघ्र प्रकल्पाचा पसारा 2,700 चौरस किलोमीटरांच्या वर. आणि त्यात सात बाय सातचा एक तंबू नियमात बसेल अशी जागा शोधण्यात आमचा आठवडा गेला. साडू वनखात्यावर रागावले. मला मात्र ते बरोबर वाटलं, आणि आजही वाटतं. साडूंसारखी माणसं कांडी घेऊन निघाली तर डिसेंबरात वाळत आलेला साग किती टिकेल याचा हिशेब वनखात्यानं केलेला असणार.

तिढा सोडवला मामांनी. त्यांच्या ओळखीचे एक गवळीकाका चिखलदऱ्याच्या पठारावर, जंगलाच्या हद्दीबाहेर, स्वतःच्या शेतात राहत होते. त्यांच्या खव्याच्या टोपल्या वर्षानुवर्षं मामांच्या गाडीनं परतवाड्याला उतरल्या होत्या. ‘तो नाई म्हन्नार नाई,’ मामा म्हणाले. ‘त्याच्या वावरात लावा काय लावाचं थे.’ साडूंच्या ‘अनटच्ड’ या अटीत म्हशी बसतात का, यावर रात्री उशिरापर्यंत काथ्याकूट झाला. शेवटी म्हशी बसल्या.

पुणे ते परतवाडा या प्रवासाबद्दल लिहीत नाही. छत्रपती संभाजीनगरनंतर समृद्धी महामार्ग लागतो आणि समृद्धीवर लिहिण्यासारखं काही घडत नाही, घडू नये हीच इच्छा असते. साडूंच्या गाडीच्या टपावर सामान इतकं उंच होतं की टोलनाक्यावरच्या माणसानं वर बघून ‘बदली झाली का?’ विचारलं, तेवढंच.

खरी अडचण आम्ही विचारातच घेतली नव्हती. ती परतवाड्याच्या घराच्या पायरीवर भाकरतुकडा घेऊन उभी होती. सासूबाईंनी ओवाळून टाकलं, पायावर पाणी घातलं, चहा झाला, आणि चहाच्या कपाबरोबर बातमी त्यांच्यापर्यंत पोचली की दोन्ही जावई रात्री जंगलात, जमिनीवर झोपणार आहेत. तोवर त्यांना वाटत होतं तंबू म्हणजे मुलांचं खेळणं.

‘माय वं!’ त्या मटकन खाली बसल्या. ‘दोनई जवाई घरी आले, अन् त्यायले वावरात निजवाचं? लोक काय म्हन्तीन? घरात खाट नाई काय आपल्या?’

‘आई, ती हौस आहे,’ मेहुणीनं समजावलं.

‘हौस असन तं गच्चीवर निजा. गच्ची हाये ना आपली.’

हा प्रस्ताव मला अत्यंत संतुलित वाटला होता. पण साडूंनी सहाशे किलोमीटर तंबू वाहून आणला होता. तहाची बोलणी रात्रभर चालली आणि सकाळी निष्पन्न झालं ते असं: जावई जंगलात जातील, पण सासूबाई बरोबर येतील, गाद्या, गोधड्या आणि उशा येतील, आणि जेवण ‘त्या पिशवीतलं’ चालणार नाही. त्या पिशवीतलं म्हणजे साडूंनी आणलेलं, गरम पाणी ओतलं की खिचडी होणारं पाकीट. सासूबाईंनी ते पाकीट उघडून हुंगलं आणि शेजारच्या काकूंना दाखवायला बाजूला ठेवलं.

जेवण रोडग्यांचं ठरलं. वऱ्हाडात माणसं वावरात जमली की रोडगे होणार, याला पर्याय नाही. जाडसर दळलेल्या कणकेचे एकावर एक घड्या घातलेले गोळे, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले, फोडून तुपात बुडवलेले, आणि बरोबर वांग्याची झणझणीत रस्सा भाजी. यासाठी पीठ मुद्दाम दळून आणावं लागतं आणि गोवऱ्या लागतात पोतंभर. एक्सेलमध्ये गोवऱ्यांना रकाना नव्हता. सासूबाईंनी तो तयार केला, साडूंच्या गाडीच्या डिकीत, त्यांच्या घडीच्या फावड्यावर पोतं ठेवून.

सामान लादत असताना मेहुण्याला राहवलं नाही. ‘भाऊजी, या डोंगरावर सामान चढवाचा इतिहास लय जुना हाये,’ तो म्हणाला आणि हात मागे बांधून उभा राहिला. वरच्या गाविलगडावर 1803 च्या डिसेंबरात इंग्रजांनी चढाई केली. किल्ला नागपूरच्या रघूजी भोसल्यांचा, आत किल्लेदार बेनीसिंग. आर्थर वेलस्ली, पुढे ज्याला जग ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून ओळखू लागलं तो, फौजेचा सेनापती. किल्ल्याची उत्तरेची बाजूच तेवढी फोडण्याजोगी, म्हणून कर्नल स्टीव्हन्सनची तुकडी 7 डिसेंबरला अचलपुराहून निघाली आणि डोंगरांना वळसा घालून, पुढे रस्ता तयार करत आणि मागून जड तोफा हातांनी ओढत, 12 तारखेला किल्ल्यासमोर पोचली. 15 तारखेला किल्ला पडला. 17 ला देवगावच्या तहात भोसल्यांनी कटक इंग्रजांना दिलं आणि वर्धेच्या पश्चिमेचा वऱ्हाड निजामाकडे गेला.

‘पाच दिवस तोफा ओढत!’ साडू थक्क झाले.

‘हाव. पन त्यायच्यासोबत सासू नव्हती,’ मामा मागून म्हणाले.

घाट सुरू झाला. गाडी मी चालवत होतो आणि मामा शेजारी बसून चालवत होते. प्रत्येक वळणाच्या आधी त्यांचा डावा पाय नसलेल्या क्लचवर पडायचा. बिहाली मागे पडली. वळणावर समोरून एक टेम्पो उतरत आला. त्यात कोरकू कुटुंबं होती, मांडीवर पोरं, पायाशी भांडी, पिठाची पोती आणि एक गुंडाळलेली ताडपत्री. खाली मैदानात कामं निघाली की डोंगरातली माणसं अशी उतरतात आणि कामाच्या जागीच पाल ठोकून राहतात. साडूंनी काच खाली करून उत्साहानं हात हलवला. टेम्पोतल्या एका बाईनं आमच्या टपावरचा ढीग पाहिला आणि मामांना हाक मारून विचारलं, ‘डायवरभाऊ, तुमी कुठं चालले कामाले?’

नाक्यावर वनरक्षकानं गाडी बाजूला घ्यायला सांगितली. त्याला तंबू दिसला नाही, वास आला.

‘पोत्यात काय हाये?’

‘गवऱ्या,’ सासूबाई म्हणाल्या.

‘जंगलात जाळाच्या नाईत, बाई.’

‘जंगलात कायले? गवळ्याच्या अंगनात जाळीन.’

तेवढ्यात त्यानं मामांना ओळखलं. मग विचारपूस झाली, कोण कुठल्या डेपोत आहे, कोण रिटायर झालं, धारणीच्या रस्त्याचं काम कुठवर आलं. साडूंनी मधेच विचारलं, की वाघाची काही हालचाल. ‘वाघाचं टेन्शन नका घेऊ साहेब,’ वनरक्षक म्हणाला. ‘त्याले माणूस दिसला की तो आपल्या वाटेनं जाते. अस्वलाले सांभाळा. ते खाली मुंडी घालून वारूळ उकरत असते, आपन एकदम पुढं गेलो की दचकते, अन् दचकलं की अंगावर येते. अंधारात बोलत चाला, बस.’ बोलत चालण्याच्या बाबतीत आमच्या कुटुंबाला विशेष तयारी करावी लागली नाही. साडूंनी मात्र एक्सेल उघडून वाघ खोडला आणि अस्वल लिहिलं.

घटांगला धारणीचा रस्ता सोडून चिखलदऱ्याकडे वळलो, आणि पुढच्या एका वळणावर रस्त्यात रानगवे होते. मोठी, काळी, गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे घातलेली, पाठीवर उंचवटा असलेली जनावरं. एक आडवा उभा, बाकीचे कडेच्या बांबूत. पुण्यातल्या कोणाच्याही मेळघाटात गवा नव्हता. गाडीत पहिल्यांदाच शांतता झाली. आडवा उभा असलेला गवा आमच्याकडे बघत रवंथ करत होता. त्याचा जबडा एकदा डावीकडे जायचा, थांबायचा, मग उजवीकडे. नाकातून वाफ निघत होती आणि डाव्या कानावर बसलेली माशी तो कान न हलवता सहन करत होता. साडूंच्या लेकीनं हात हलवला. तो थांबलेलाच होता, त्यामुळे तिचं समाधान झालं. मेहुणीनं तिपाई काढायला डिकी उघडूया म्हटलं आणि मामांनी तिच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की तिपाई पुण्यापर्यंत परत बाहेर निघाली नाही.

‘मामा, हॉर्न देऊ?’ मी विचारलं.

‘कायले? आता कुठी गाडीचा टाइम होऊन राह्यला?’

गवळीकाकांचं शेत पठाराच्या कडेला होतं. पलीकडे दरी, दरीपलीकडे दुसरं पठार, त्यावर साग, आणि उतरत्या उन्हात सागाचा रंग तपकिरीकडे झुकलेला. अलीकडे घर, गोठा, आणि चुलाण्यावर भली मोठी कढई, तिच्यात दूध आटत होतं. काकांनी आमच्यासाठी घरात चार खाटा टाकून, वर धुतलेल्या चादरी घालून ठेवल्या होत्या. तंबूचं काम त्यांना मामांनी फोनवर सांगितलं होतं, पण त्यांचा समज होता की लग्नाबिग्नाचं काही असेल.

‘घर हाये, खाटा हाये,’ ते तंबूभोवती एक चक्कर मारून म्हणाले. ‘मंग पाव्हणे बाहीर कायले?’

साडूंनी निसर्गाशी एकरूप होणं वगैरे समजावून सांगितलं. काकांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि बायकोला हाक मारून आणखी एक घोंगडी आणायला सांगितली.

खुंट्या मात्र इथेही जाईनात. पठाराचा दगड काळा, मातीखाली वीतभरावर लागणारा. काकांच्या मुलानं पहार आणली, दोन घाव घातले, मग हसून चार मोठे धोंडे आणून तंबूचे कोपरे त्यांना बांधले. तूरडाळीच्या डब्यापेक्षा ते भक्कम होते. घडीचं फावडं शेवटी कामाला आलं ते निखारे सारायला. सासूबाईंनी गोवऱ्या रचल्या, पेटवल्या, धूर बसू दिला, राखेखाली लाल झाल्यावर त्यात रोडगे पुरले. साडू कांडी घेऊन येईपर्यंत त्यांची काडेपेटी पदरात परतही गेली होती. भाजून निघालेले रोडगे फडक्यात घालून त्यांनी झटकले, मुठीनं फोडले, मधे बोटानं खड्डा केला आणि तूप ओतलं. तूप गवळीकाकांचं. त्या जेवणाबद्दल लिहायचं तर वेगळा लेख लागेल. इथे एवढंच, की त्यानंतर झोपायला तंबूच काय, कुठेही वाकून शिरण्याच्या स्थितीत दोन्ही जावई नव्हते.

अंधार पडला आणि थंडी पठारावर चढली. आकाशगंगा होती, इतकी स्वच्छ की मेहुणी फोटो काढायचा विसरली. चिरंजिवांचा फोन बंद पडला होता. तो म्हशींची नावं विचारून पाठ करत बसला. काकांनी मला एकदाच म्हटलं, ‘पाव्हणे, आत या.’ मी एकदाच ऐकलं. चुलीजवळची खाट, अंगावर घोंगडी. जावयाच्या मानाचा प्रश्न होता, मी तो सोडवला.

साडू बाहेर राहिले. थोड्या वेळानं वर्खाच्या पांघरुणाचा चुरचुर आवाज सुरू झाला, कूस बदलली की चुरचुर, श्वास घेतला की चुरचुर. मग त्यांच्या लेकीचा आवाज: ‘बाबा, बर्फ नाहीये, काढा ना ते!’ मग दरीच्या कडेला सागाचं एक वाळलेलं पान पडलं. दिवसा ते लक्षातही येत नाही. रात्री शांततेत ते फांद्यांवरून आपटत येतं तेव्हा जवळच कोणीतरी पापड मोडल्यासारखं वाटतं. दुसरं पडलं. तिसऱ्याला साडू डोक्याला दिवा बांधून बाहेर आले आणि वनरक्षकाच्या सूचनेप्रमाणे अंधाराशी मोठ्यानं बोलू लागले. त्यांनी अस्वलाला स्वतःचं नाव सांगितलं, पुण्याचा पत्ता सांगितला, आपला कोणताही वाईट हेतू नाही हे सांगितलं. गोठ्यातल्या म्हशी उठून उभ्या राहिल्या. मग गाडीचं दार उघडल्याचा आणि आतून लॉक झाल्याचा आवाज आला.

लेक आणि मेहुणी तंबूत दोघीच राहिल्या म्हणून सौभाग्यवती तिथे गेल्या. आणि तीन लेकीबाळींना बाहेर ठेवून आपण आत कसं निजायचं म्हणून, ‘माय वं, काय हे’ करत, गाद्या ओढत सासूबाईही. त्यानंतर तंबूतून बराच वेळ हसण्याचे आवाज येत होते, मधेमधे कोणाच्या तरी लग्नातल्या जुन्या भानगडी, आणि सासूबाईंचं ‘सरक वं थोडी’. मोजून चार माणसं होती. कंपनीचं माप बरोबर होतं.

सकाळी साडू गाडीतून उतरले तेव्हा त्यांची मान जिथे होती तिथेच राहिली होती आणि अंग दुसरीकडे वळलं होतं. काकांनी त्यांना पळसाच्या पानावर गरम खवा दिला, साखर न घालता, आणि पुढे अर्धा तास ते काहीच बोलले नाहीत. मामा आणि काका गोठ्यापाशी उकिडवे बसून, कुठल्या साली कुठला पूल वाहून गेला याची उजळणी करत होते.

पठारावर फोनला रेंज मिळायची ती एकाच जागी, गोठ्यामागच्या धोंड्यावर चढून उभं राहिलं तर. सासूबाई पदर खोचून त्या धोंड्यावर उभ्या होत्या. पलीकडे अकोटची त्यांची धाकटी बहीण.

‘नाई वं, घरात नाई! तंबूत! जवायानं पुन्याहून आनला मुद्दाम. चेनबिन हाये, खिडकी हाये, मच्छरदानी हाये. लय सुखाची झोप लागली बाप्पा. तुह्या जवायानं नेलं काय तुले कुठी कधी?’

मग त्यांनी फोनवर हात ठेवला आणि खाली वाकून साडूंना विचारलं, ‘कितीले पडला थो?’

‘साडेसहा हजार, आई,’ साडू तिरक्या मानेनं म्हणाले.

‘चौदा हजाराचा हाये वं,’ सासूबाईंनी फोनवर सांगितलं. ‘अन् पुढच्या साली मोठा आननार हाये म्हन्ते, आठ मानसाचा. तूई ये.’